देव मधे, वेळ पलीकडे

हातखंब्याच्या तिठ्यावर उभं राहून मी एकदा तिथले सगळे बॅनर वाचायचं ठरवलं. तिसऱ्या बॅनरला डोळ्यांतून पाणी आलं, पाचव्याला पोटात ढवळलं आणि सातव्याला मी रस्त्याच्या कडेला बसून भडाभडा ओकलो. टपरीवाल्याला वाटलं, घाटातून आलेला कुणी प्रवासी आहे. बिचाऱ्याने लिंबू कापून हातावर ठेवलं. मी म्हटलं, "बाबा रे, मला गाडी नाही लागली, अक्षर लागलंय."

थट्टा नाही. लालभडक कापडावर पिवळं अक्षर. पिवळ्याला हिरवी कड, हिरवीला पांढरी कड, तिच्यामागे काळी सावली, आणि एवढं करून समाधान झालं नाही म्हणून वरून सोन्याची झिलई. भ कुठला आणि म कुठला, हे त्या कडांच्या चिखलात शोधत बसायचं. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत शिंगं अडकवून बसलेले, रेड्यांची झुंज लागावी तसे. जागा उरली की अक्षर दोघांनी हातपाय धरून ओढल्यासारखं ताणायचं, जागा संपली की पायाखाली घेऊन चेपायचं. आणि त्या सगळ्या नरकातून तीस-चाळीस चेहरे आपल्याकडे बघून हात जोडतायत. कशाबद्दल जोडतायत ते मात्र वाचता येत नाही. मला शिसारी येते. लोकांना झुरळाची येते, मला त्या सोनेरी झिलईची येते.

मी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानं, शाळा, दवाखाने, ट्रकच्या पाठी, होड्यांची नावं. माझा उस्ताद पाटी पुरी झाली की माझी मानगूट धरून मला रस्त्यापलीकडे न्यायचा आणि म्हणायचा, "आता डोळे बारीक कर. हातात मासळीची पिशवी, चपलेत खडा, डोक्यात बायकोचं भांडण आणि समोरून यष्टी येतेय. अशा माणसाला वाचता येतंय काय बघ." नाही आलं तर रॉकेलचा बोळा फिरवून सगळं पुसायचा आणि पुन्हा सुतळीला खडू लावून रेघा आपटायला बसवायचा. दोन अक्षरांमधली मोकळी जागासुद्धा रंगवावी लागते, असं तो म्हणायचा, आणि मोकळी जागा नीट रंगवली नाही म्हणून त्याने मला दोनदा जेवायला दिलं नव्हतं. असल्या हाताखालून मी निघालो. रत्नागिरी बंदरातल्या एका होडीवर मी नाव काढलं होतं, ते अंजनवेलच्या गडावर उभ्या असलेल्या माणसाने वाचलं. चष्मा न लावता. मधे धुकं होतं. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

मग फ्लेक्स आलं. मिरजोळ्याच्या बाजूला मशिनं बसली, ब्रश सुकले, आणि अक्षर कसं असावं हे आयुष्यात एक ओळ सरळ न लिहिलेली माणसं ठरवायला लागली. मी घरी बसलो. रस्त्याने जाताना खाली बघून चालायची सवय लावून घेतली. खाली निदान शेणच असतं.

हे सगळं मी मुकाट गिळलं असतं. पण त्या घाणीने माझ्या आक्काच्या दारापर्यंत हात घातला, म्हणून सांगतोय.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. हातखंब्याच्या पुढे आत गेलं की आमचं गाव लागतं, तिथल्या आमच्या घरात ती राहते. तिचा एकुलता मुलगा बोटीवर असतो. काही वर्षांमागे त्याची बोट कुठल्यातरी परक्या समुद्रात बंद पडली आणि अकरा दिवस त्याचा पत्ता लागला नाही. आक्काने ग्रामदेवतेला सांगणं केलं: पोरगा सुखरूप येऊ दे, शिमग्यात तुझी पालखी माझ्या आंगणात त्याच्या खांद्यावर नाचवीन. पोरगा आला. पण पुढचा प्रत्येक शिमगा तो नेमका पाण्यावर. सांगणं तसंच राहिलं, आणि आक्का दर वर्षी पालखीसमोर हात जोडून "पुढच्या वर्षी नक्की" असं म्हणायची. आपल्याला मुदतवाढ मागायची लाज वाटते, असं मला म्हणाली होती.

या वर्षी तो शिमग्याला घरी होता. मात्र गुरुवारी दुपारी त्याला मुंबईला निघायचंच होतं, तिथून विमान, तिथून बोट. म्हणजे प्रश्न एकच: पालखी आमच्या घरी गुरुवार दुपारच्या आत येते की नाही?

पालखी घरोघर फिरते. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणाकडे, याची पत्रिका कमिटी काढते. चाकरमानी तिच्यावर रजा टाकतात, सुना माहेराहून परततात, म्हातारेकोतारे अंघोळ करून बसतात. गावातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तो. तो यंदा मोबाईलवर आला.

आक्काचा फोन आला. "मेल्या, तुझे डोळे अजून धड आहेत ना? ह्या पत्रिकेत आपलं घर शोध. मला नुसती माणसं दिसतायत."

"पोराला विचार ना."

"तो बघून बघून दमला. म्हणतो, आई, समुद्राचा नकाशा ह्यापेक्षा सोपा."

मी पत्रिका उघडली. अहाहा. वर अध्यक्ष, खाली उपाध्यक्ष, डावीकडे आजी पदाधिकारी, उजवीकडे माजी पदाधिकारी, तळाला शुभेच्छुकांची माळ. एकोणीस चेहरे मी मोजले, विसाव्याचा अर्धा कान कापला गेला होता. सगळीकडे फुलांच्या झालरी आणि तेजाचे झोत. आणि बरोब्बर मधोमध, वरपासून खालपर्यंत, देवीची मोठी तसबीर.

आता गंमत ऐका. तसबिरीवरच यादी छापायची, असं फ्लेक्सवाल्याने आधी केलं होतं म्हणे. तेव्हा कमिटीतला एक ज्येष्ठ उसळला. देवीच्या अंगावर अक्षर? उद्या तुम्ही देवीवर पाय द्याल! त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. मग देवीला लहान करायचं का? छे, देवी लहान करतात का कुठे? फोटो गाळायचे का? कोणाचे? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी तोड निघाली. घरांची नावं देवीच्या डाव्या हाताला, वार आणि वेळ उजव्या हाताला. मधे देवी. म्हणजे आपलं घर शोधायचं, तिथून डोळ्यांनी उडी मारायची, देवीच्या नथीवरून, मळवटावरून, हारावरून पलीकडे जायचं आणि आपल्या वेळेवर पडायचं. हनुमानालासुद्धा जमली नसती. त्याने निदान समुद्रच ओलांडला होता, त्यात फुलांच्या झालरी नव्हत्या.

पण मी कोण? मी भिंग काढलं, डोळा लावला, घर धरलं, उडी मारली. "आक्का, गुरुवार, सकाळी दहा."

"नक्की ना रे?"

"चाळीस वर्षं अक्षरात घातलीत मी. बिनघोर आंगण सारव."

तिने फोनवरच देवीला हाक मारली. गुरुवारी सकाळी पालखी, दुपारी पोरगा मुंबईला. देवीनेच वेळ साधली, असं म्हणाली. मीही थोडं श्रेय घेतलं.

बुधवारी सकाळी मायलेक बाजाराला रत्नागिरीला आले. ओटीसाठी साडी घेतली, नारळ घेतले, आणि जेवायला माझ्याकडे थांबले. आक्का भात कालवता कालवता म्हणाली, "तो कागद मला मोठ्या अक्षरात उतरवून दे रे. वाडीतल्या दोघीतिघी विचारत होत्या, त्यांनाही नाही लागत."

आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्याकडे माझं काम मागितलं होतं. मी ताट अर्धं टाकून उठलो. पत्रिका शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठी छापून आणली, फळीवर टाचली आणि सवयीने सुतळी काढली. ओळ धरायची तर डोळ्यावर विसंबायचं नाही, ही उस्तादाची शिकवण. आमच्या घराच्या नावाखाली एक टोक धरलं, भाच्याला दुसरं टोक धरायला लावलं आणि देवीवरून सुतळी ताणली.

सुतळी दोन वेळांच्या मधे पडली. ना वरच्या ओळीवर, ना खालच्या.

वरची घरं बघितली. डावीकडे काही घरांची नावं मानासकट, बिरुदासकट दोन-दोन ओळी खाऊन बसली होती. उजवीकडच्या वेळा मात्र एकेका ओळीत सटासट. म्हणजे डावी बाजू खाली खाली सरकत गेलेली, उजवी वरच थांबलेली. दोन्ही बाजू समोरासमोर नव्हत्याच. मी बोट ठेवून मोजलं. डावीकडे वरून आमचं घर तेविसावं. उजवीकडे तेविसावी वेळ मोजली.

बुधवार. दुपारी एक.

घड्याळात सव्वाबारा वाजले होते.

"काय झालं रे?" आक्काने विचारलं. भाच्याने माझ्या बोटाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि सुतळीचं टोक टाकून दिलं.

"मामा, रिक्षा!"

स्वतःची किळस येणं काय असतं ते त्या रिक्षात कळलं. दुसऱ्याच्या अक्षराला शिव्या देणारा मी, त्या घाणीत नाक वर करून उतरलो आणि पहिल्याच पावलाला घसरलो. आक्का नारळांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फोन करा ना कुणालातरी," रिक्षावाला म्हणाला.

पत्रिकेवर कमिटीचे नंबर होते. पिवळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरात. मी पाच आकडे ओळखले, बाकीचे उन्हात विरघळले. आक्काने एका गावकऱ्याला लावला, त्याने उचलला नाही. ढोल गळ्यात असताना उचलणार कसा? शेजारणीला लावावा, तर शेजारीण आणि आक्का यांचं मधल्या गडग्यावरून सात वर्षं बोलणं बंद. कातळाचे दगड रचून केलेला, कमरेइतका उंच गडगा, आणि तो हातभर आपल्या बाजूला सरकवलाय असं दोघीही शपथेवर सांगतात. एकच गडगा दोन्ही दिशांना सरकलाय, असा जगातला तो एकमेव.

"पालखी काय कधी वेळेवर आली आहे?" भाचा म्हणाला. "दोन तास उशीरच असतो." आम्ही तिघांनी त्या वाक्याला बुडत्याने ओंडक्याला धरावं तसं धरलं.

हातखंब्याला महामार्गाचं काम चाललं होतं. रस्ता बंद, वळण डावीकडून, असा फलक लावलेला होता. पण त्याच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर बांधलेला होता. वाढदिवस होऊन महिना उलटला असावा, चेहऱ्याचा रंग उडून निळा पडला होता. आम्ही सरळ गेलो आणि खडीच्या ढिगापुढे थांबलो. मागे फिरण्यात वीस मिनिटं गेली. रिक्षावाल्याने त्या निळ्या चेहऱ्याला ज्या शिव्या दिल्या, त्या ऐकून मला माझा उस्ताद आठवला.

वाडीत पोचलो तेव्हा दीड वाजला होता. आमच्या बंद दाराच्या पायरीवर गुलाल पडला होता, थोडा. येऊन गेल्याची खूण. पालखी पुढच्या आंगणात, म्हणजे शेजारणीच्या, उतरली होती.

"वेळेवर कशी आली?" भाच्याने एकाला विचारलं.

"वेळेवर येणारच की! तुमच्या आदुगरची सहा घरं बंद. समद्यांना वाटलं उद्या हाय. कुणी हातखंब्याला, कुणी दळणाला, कुणी रत्नांग्रीला. बंद दारात पालखी थांबत नाय."

तर असं. वाचता न आल्यामुळे घरं बंद, घरं बंद म्हणून पालखी उशीर न करता वेळेवर, आणि पालखी वेळेवर म्हणून आम्ही चुकलो. कमिटीने ठरवून केलं असतं तरी एवढं बेमालूम जमलं नसतं.

पालखीपाशी गुरव उभे होते. त्यांच्या हातात शाळेच्या वहीचा दुमडलेला कागद होता. मी डोकावलो. निळ्या बॉलपेनने काढलेलं सरळ, सुटं, स्वच्छ अक्षर. घर, रेघ, वार, वेळ. घर, रेघ, वार, वेळ. माझ्या आक्काने चुलीपाशी बसून चष्म्याशिवाय वाचला असता असा कागद.

कमिटीचा सेक्रेटरी जवळच होता. मी कागद त्याच्यापुढे धरला. "हा का नाही पाठवलात?"

त्याने कागद उलटून बघितला. "ह्याच्यावर फोटो कुठं हायत?"

मला हसू आलं असतं, पण आक्का पालखीसमोर जाऊन उभी राहिली होती. पिशवी हातात तशीच. "गावकरी, दोन पावलं मागे या," ती म्हणाली. "पोरगा उद्या चाललाय. परत शिमग्याला कधी येईल ते त्याच्या कंपनीला माहीत. माझं सांगणं आहे."

पालखीपुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालण्याचा मान असलेले एक म्हातारे गावकरी होते, ते मानेनेच नाही म्हणाले. "बाय, ओलांडलेल्या घरात पालखी मागं फिरत नाय. माज्या बापाच्या वेळेपास्नं नाय."

"मग इथेच उचलू दे त्याला," कोणीतरी म्हणालं. "शेजारच्या आंगणात काय, तुमच्या आंगणात काय."

"माझ्या आंगणात बोलले आहे मी," आक्का म्हणाली. "देवीला काय सांगू? पत्ता बदलला म्हणून?"

ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला. भाचा गडग्याला टेकून उभा होता. अकरा दिवस परक्या पाण्यात काढलेला माणूस, गडग्याचा एक दगड नुसता हलवत होता.

म्हाताऱ्या गावकऱ्यांनी त्या दगडाकडे बघितलं. मग शेजारणीला म्हणाले, "काय गो, ह्यो गडगा नसता तर आंगणं किती?"

शेजारीण हुशार. तिला लगेच कळलं. सात वर्षांचं भांडण तिच्या तोंडावर येऊन थांबलं आणि तिने ते गिळलं. गिळताना दिसलंच, माशाचा काटा गिळावा तसं.

"एकच," ती म्हणाली.

"मग पालखी मागं फिरली म्हणता येल काय?"

"कशी येल? एकाच आंगणात नाचली." मग ती आक्काकडे वळली. "पण दगड होते तिथं परत रचायचे. एक बोट इकडं नाय सरकायचा. सांगून ठेवते."

"तुझं बोट तिकडे आधीच सरकलंय," आक्का म्हणाली. सात वर्षांतलं ते त्यांचं पहिलं बोलणं.

पुढचं मी काय सांगू? माणसं गडग्यावर अशी तुटून पडली की दगड उडत होते, एक तर थेट नारळाच्या झाडावर जाऊन बसला, अजून तिथेच असेल. दहा मिनिटांत पालखी जाईल एवढी वाट झाली. ढोल उठला. भाच्याने पालखी खांद्यावर घेतली आणि त्या पाडलेल्या दगडांमधून आईच्या आंगणात आणली. आंगण सारवायचं राहिलं होतं, रांगोळी नव्हती, दार अजून कुलपातच होतं. तो नाचला. असा नाचला की पुढच्या चौघांचे पाय उचलले गेले. आक्का हात जोडून उभी होती आणि "फेडलं गं, फेडलं" एवढंच म्हणत होती. नारळ फोडायला दगड शोधावा लागला नाही.

मी एका कडेला उभा राहून डोळे पुसत होतो, तेवढ्यात सेक्रेटरी मोबाईल वर धरून पुढे आला. खटाखट फोटो काढले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, काय देखावा! पुढच्या वर्षी पत्रिकेत मधोमध हाच. देवी, पालखी, तुमचा भाचा, तुटका गडगा, समदं. मोठ्ठा!"

"आणि यादी?"

"यादी बसवू की कुठंतरी."

शिमग्यात शिव्या द्यायला मुभा असते. त्या मुभेला जागून मी तोंड उघडलं. त्याच्या पिवळ्या पट्ट्यापासून सुरुवात केली, सोनेरी झिलईवर आलो, एकोणीस चेहरे एकेक करून घेतले, कापलेल्या कानाचाही समाचार घेतला, आणि त्याच्या सात पिढ्यांच्या दोन्ही बाजू एकमेकांसमोर नीट लावून दिल्या. मनापासून. चाळीस वर्षांचं साचलेलं. थांबलो तेव्हा घसा फाटला होता.

सगळं आंगण एका दमात बोंबललं. रीतच ती, शिवी झाली की बोंब मारायची. ढोलवाल्याने जोरात थाप दिली. लोक खूश. सेक्रेटरी तर हसून हसून वाकला, आणि वाकल्या वाकल्याच त्याने माझा, उघड्या तोंडाचा, एक फोटो घेतला.

"आवाज हाय मामा तुमचा!" तो म्हणाला. "तुमचा पण टाकतो. उजव्या कोपऱ्यात थोडी जागा हाय, वेळा हायत तिथं."